निऑन टेट्रा : आणण्याची घाई नको

निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन टेट्रा दिसताच मुले हट्ट धरतात. पण नव्या टाकीत सोडलेले हे मासे बरेचदा काही दिवसांतच दगावतात. माशांच्या उत्सर्गातून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचा निचरा करणारे जिवाणू टाकीत वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून जिवाणूंचे पोषण होते.

अमेझॉनच्या खोऱ्यातला हा जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा मासा एकटा पडला की बुजतो, म्हणून किमान ८ एकत्र ठेवा. पाणी २२ ते २६ अंश सेल्सिअस असावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, पण नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवूनच. सोबतीला मोठे एंजल मासे मात्र नकोत. ते टेट्रा गिळतात.