जुन्या मालमोटारीचे वायरिंग : कालोचित तारेची ओळख

तार, रंग आणि जाडी

मद्रास प्रांतात एण्णोर येथे 1948 साली स्थापन झालेली अशोक मोटर्स ही कंपनी 1955 साली अशोक लेलँड झाली; त्या काळच्या मालमोटारींच्या तारेची ओळख पुढे दिली आहे.

• आवरण : त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीच्या तारेत तांब्याच्या बारीक तंतूंवर रबर आणि त्यावर लाखेचा हात दिलेली सुती वीण असे, पुढे पीव्हीसी रूढ झाले. रबर कालांतराने कडक होऊन तडकते, म्हणून जुनी तार, दिसायला कितीही शाबूत असो, पुन्हा वापरू नये. आत पीव्हीसी आणि वर सुती वीण असलेली नवी तार मिळते.

• रंग (लुकास या ब्रिटिश कंपनीचा संकेत) : तपकिरी – बॅटरीचा थेट प्रवाह, पांढरा – इग्निशन, हिरवा – इग्निशननंतरचा, फ्यूजमधून आलेला, निळा – पुढचे मोठे दिवे, तांबडा – बाजूचे व मागचे दिवे, काळा – अर्थिंग. विणीतला दुसऱ्या रंगाचा धागा उपशाखा दर्शवितो.

• जाडी : ‘14/.012’ म्हणजे 0.012 इंच (सुमारे 0.3 मिलिमीटर) व्यासाचे 14 तंतू.

• अर्थिंग : 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे.