भिंत एकट्या व्हॅन डाइकची नव्हती

काल टर्फवर खेळून झाल्यावर चहा पिताना मित्र म्हणाला, "व्हॅन डाइक आला, लिव्हरपूलचा बचाव सुधारला. विषय संपला!"

अर्धंच खरं. प्रीमियर लीगमध्ये २०१७-१८ला त्यांनी ३८ गोल खाल्ले, २०१८-१९ला फक्त २२. व्हॅन डाइक तर जानेवारी २०१८मध्येच आला होता. मग त्या उन्हाळ्यात गोलकीपर अ‍ॅलिसन आला, आणि बचावफळीसमोर फॅबिन्यो.

बचावफळी वर चढली की मागे मोकळं मैदान उरतं. तिथला चेंडू अ‍ॅलिसन धावत बाहेर येऊन काढायचा, म्हणून पुढचे बिनधास्त.

मी स्वतः स्टॉपर खेळतो. आपला कीपर गोललाइनला चिकटून राहिला, की पाय आपोआप मागे सरकतात!

ऑफसाइडचा सापळा कसा लावतात, सांगू का पुढच्या वेळी?