पाय उचलून बघितला का?

सकाळची धार संपली, दुधाचे कॅन डेअरीकडे गेले, तेव्हा वहिनींना वाटलं की खूर साळणारा आता पिकअपमधून खोडा उतरवेल आणि कामाला लागेल. तो पाण्याच्या हौदापाशी जाऊन उभा राहिला. "वहिनी, गाई सोडा. एकेक करून पाण्यावर येऊ द्या, कुणी हाकलू नका." त्याच्या हातात ना चाकू होता ना दोर. संगमनेर तालुक्यातला बावीस संकरित गाईंचा हा गोठा. मी त्या माणसाबरोबर पाच-सहा दिवस असाच गोठ्यागोठ्यांतून फिरत होतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा पहिला अर्धा तास असाच नुसता बघण्यात जायचा.

खुरांचं काम, म्हणून मी पायांकडे बघत होतो. तो गाईची पाठ बघत होता. निरोगी गाईची पाठ उभी असताना सरळ असते आणि चालतानाही सरळ राहते. खुरात दुखायला लागलं की उभी असताना पाठ सरळ दिसते, पण पाऊल टाकलं की मधोमध कमान येते. दुखणं वाढलं की उभ्या जागीही कमान दिसते. पाय उचलून धरणं, टेकवणं नाकारणं हे त्याच्याही पुढचं. अमेरिकेत स्प्रेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याच पाठीवरून एक ते पाच गुणांची पद्धत मांडली, आणि जगभरच्या गोठ्यांत ती वापरतात. आपल्याकडे 'लंगडते' म्हणतात ते गाय त्यातल्या चौथ्या पायरीवर पोचल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला आपल्या बोलीत शब्दच नाही, आणि मला वाटतं, शब्द नाही म्हणून तिकडे डोळाही जात नाही.

सहावी गाय आली चंद्री. डोकं खाली घालून, आखडती पावलं टाकत.

"ती आळशीच आहे, सगळ्यांच्या मागं राहते," वहिनी म्हणाल्या.

"मागं राहत नाही वहिनी, चालवत नाही तिला. दूध कमी झालं ना?"

"दोन-अडीच लिटर. म्हटलं थंडीमुळं असेल."

खोड्यात घेतल्यावर चंद्रीच्या पोटाखालून पट्टा आला, मागचा उजवा पाय दोराने वर ओढून आडव्या दांड्यावर बांधला गेला. दोन बादल्या पाण्याने शेण धुतल्यावर खूर दिसलं. गाईच्या पायाला दोन नख्या. पुढच्या पायात आतली नखी जास्त भार घेते, मागच्या पायात बाहेरची. मोठी कास, त्यामुळे फाकलेली मागची चाल, शिवाय मागचे पाय कायम शेणामुतात, म्हणून मागच्या पायाची बाहेरची नखीच बहुतेक वेळा दुखते. ती झिजण्याऐवजी वाढते, वाढते म्हणून आणखी भार घेते, आणि भार घेते म्हणून आणखी वाढते. महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढ. मोकळ्या रानात चरणाऱ्या गाईची ती दगडमातीवर घासून जाते, दावणीच्या गाईची जाते कुठं?

त्याने आधी आतली, चांगली नखी हातात घेतली. कारण मोजमाप तिच्यावर ठरतं. वरच्या कडेपासून टोकापर्यंत पुढची भिंत ७.५ सेंटीमीटर ठेवायची, मोठ्या हाडापेराच्या गाईला थोडी जास्त. टोकाशी तळवा पाच ते सात मिलिमीटर जाड राहिला पाहिजे. अंगठ्याने दाबल्यावर तळवा लवला तर आधीच फार कापलं गेलं, थांबायचं. टाचेला हात लावायचा नाही. ही शिस्त नेदरलँडचे पशुवैद्य तूसाँ रावेन यांनी बसवली, म्हणून तिला डच पद्धत म्हणतात. चांगली नखी नीट झाली की बाहेरची तिच्या उंचीला आणायची, म्हणजे दोन्ही टाचा एका पातळीत येतात. मग दोन्ही नख्यांच्या मधल्या बाजूला तळव्यात थोडी खोलगट वाट काढायची, शेण अडकू नये आणि हाडाखालच्या नाजूक जागेवर भार येऊ नये म्हणून. ग्राइंडरचा आवाज येतो, जळक्या शिंगाचा वास गोठाभर पसरतो, आणि गाय पहिल्या मिनिटाला जी धडपडते तेवढीच. खुराच्या त्या कठीण भागात संवेदना नसते.

बाहेरच्या नखीवर आला तेव्हा त्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि वाकड्या टोकाचा चाकू घेतला. मलईसारख्या पिवळट तळव्यावर, टाच सुरू होते तिथं आतल्या बाजूला एक लालसर डाग होता, डाळिंबाच्या दाण्याएवढा. त्याने पातळ पापुद्रा काढला. डाग मोठा झाला. आणखी एक पापुद्रा, आणि खालचं शिंग पोकळ निघालं, सुटलेलं. ते काढल्यावर आत गुलाबी मांस फुगून वर आलेलं दिसलं. चंद्रीने पाय झटकला. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"असं कधी झालं हे? बाहेरून तर काहीच नव्हतं."

"तीन महिने झाले असतील. व्याली कधी?"

त्या मनात हिशेब करत राहिल्या. व्याली होती दिवाळीच्या आधी. त्याच आठवड्यात गोठ्यात नवा कोबा केला होता. चंद्री त्यावर बसायची नाही, रात्री बघावं तर उभी. "आणि खुराक?" दूध उतरावं म्हणून पहिल्या दिवसापासूनच वाढवलेला.

खुराचा तळवा आतून बाहेर वाढत येतो. आत हाडाने मांस दाबलं, रक्त उतरलं, तर तो रक्ताचा अंश वाढत्या शिंगाबरोबर दोन-तीन महिन्यांनी पृष्ठभागावर येतो. आज चाकूखाली जे दिसतं ते गाय व्याली तेव्हाचं असतं. विण्याच्या सुमारास खुरातल्या हाडाला धरून ठेवणारे धागे सैल पडतात, हाड खाली सरकतं. त्याखाली चरबीची गादी असते. गाय वाळली की ती गादीही पातळ होते. त्यात नवा, खरबरीत कोबा आणि सतत उभं राहणं. गाईला दिवसातले साधारण बारा तास बसायला मिळाले पाहिजेत. खुराकाचं प्रमाण एकदम वाढलं, कडबा कमी पडला, की पोटात आम्ल वाढतं आणि त्याचीही झळ खुराला लागते असं मानतात. चंद्रीच्या बाबतीत नेमकं किती कशामुळे, हे कुणी सांगू शकणार नाही. पण वहिनींच्या आठवणीतलं सगळं त्या डागाभोवती येऊन जमलं होतं.

पुढचं काम झटपट झालं. सुटलेलं शिंग पूर्ण काढलं, दुखऱ्या नखीची टाच खाली घेतली. आतली चांगली नखी कापडाने कोरडी केली, कानशीने खरवडली आणि तिच्या तळाला लाकडी ठोकळा चिकटवला. चंद्री आता त्या नखीवर उभी राहील, दुखरी नखी अधांतरी. जखमेवर पट्टी बांधली नाही. ओली झालेली पट्टी घाण धरून ठेवते. वेदनाशामक औषधासाठी त्याने डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. ते तो स्वतः कधी देत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासात नुकत्याच लंगडू लागलेल्या गाईंपैकी साळणी, ठोकळा आणि वेदनाशामक ही तिन्ही मिळालेल्या गाई सर्वांत चांगल्या सुधारल्या होत्या. यात 'नुकत्याच' हा शब्द महत्त्वाचा आहे.

मला तो शब्द टोचतो. आमच्या घरी अशीच एक गाय होती, दोन्ही वेळचं मिळून अठरा लिटरची. लंगडायला लागली तेव्हा आम्ही डांबर लावलं, मग हळदीचा लेप, मग एका माणसाला बोलावलं. त्याने सांध्यावर हात फिरवला, इंजेक्शन दिलं, चार दिवसांनी पुन्हा दिलं. ती माजावर आल्याचं कळेना, कारण दुखऱ्या पायांची गाय दुसरीवर उडी घेत नाही आणि दुसरीला घेऊ देत नाही. आम्ही म्हटलं, गाभण राहत नाही. चार महिन्यांनी ती बाजारात गेली, निम्म्या किमतीत. त्या चार महिन्यांत तिचा पाय एकाही माणसाने उचलून बघितला नाही, मीसुद्धा नाही. तिची कास मात्र आम्ही रोज दोनदा धूत होतो.

त्या दिवशी बाविसांपैकी सात गाईंच्या खुरात काही ना काही निघालं. दोघींच्या मागच्या पायाला, टाचेच्या वर, नख्यांच्या फटीशी लाल, दाणेदार गोल जखम होती, अगदी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखी, कडेने राठ केस उभे. नुसतं पाणी पडलं तरी गाय पाय झाडते. इटलीत चेली आणि मोर्तेल्लारो यांनी १९७४ साली याचं वर्णन केलं. हा जंतूंचा आजार आहे, ओल्या शेणातून पसरतो आणि बहुतेक वेळा विकत आणलेल्या गाईबरोबर गोठ्यात येतो. वहिनींनी पावसाळ्यात बाजारातून दोन गाई आणल्या होत्या. कास बघितली होती, दात बघितले होते.

एका कालवडीच्या नख्यांमध्ये सूज होती, नख्या फाकलेल्या, दुर्गंध येत होता, अंगात ताप. तिला त्याने खोड्यात घेतलंच नाही. तिथं साळून काही होत नाही, डॉक्टरांनी प्रतिजैविक द्यायचं. दुभती असती तर औषधाचे सांगितलेले दिवस तिचं दूध डेअरीत गेलं नसतं. आणि एकाच वेळी अनेक जनावरं लंगडत असतील, तोंडातून लाळ गळत असेल, जिभेवर फोड असतील, तर ती लाळ खुरकूत. तो विषाणूचा आजार आहे, त्याला चाकू नव्हे, वर्षातून दोनदा लस लागते. अशा गोठ्यात तो पाऊलसुद्धा टाकत नाही, कारण त्याच्याच बुटांवरून आजार पुढच्या गावात जाईल.

दुपारी कुंपणापाशी बसून भाकरी खाताना त्याने अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या डांगी गाईंची गोष्ट काढली. काळी, गारगोटीसारखी टणक खुरं, तुफान पावसात, खडकावर चरतात. "त्यांच्याकडे मला कोण बोलावणार?" तो म्हणाला. आमच्या आजोबांच्या खिलारी बैलांना ऊसवाहतुकीच्या हंगामात पत्री मारायला माणूस यायचा, सडकेवर खूर झिजू नये म्हणून. बैलाच्या पायाची काळजी करणारा धंदा आपल्याकडे पिढ्यांपिढ्या होता. गाई संकरित झाल्या, दूध कितीतरी वाढलं, पाय रानातून कोब्यावर आले, पण त्या पायांसाठीचा माणूस अजून तालुक्याला एखाद-दुसराच सापडतो. कोब्यावर रबरी गादी घालायला, किंवा निदान निम्मी जागा मुरूम टाकून मोकळी ठेवायला, गोठा बांधतानाच कुणी सांगितलं असतं तर यातल्या किती जखमा टळल्या असत्या, हा विचार मला त्या सबंध आठवड्यात सोडत नव्हता.

निघण्याआधी त्याने हौदाच्या वाटेवर पायधुणीची जागा आखून दिली. तीन मीटर लांब, म्हणजे प्रत्येक पाय दोनदा बुडेल, आणि खूर पूर्ण बुडेल इतकं पाणी. शंभर लिटरला पाच किलो मोरचूद. त्याआधी साध्या पाण्याची एक टाकी, नाहीतर शेणच औषध खाऊन टाकतं. वापरलेलं पाणी घासाच्या रानात सोडायचं नाही, तांबं मातीत साचत जातं. वहिनींकडे चार मेंढ्याही होत्या. त्यांना त्या पाण्याच्या आसपासही येऊ देऊ नका, असं त्याने दोनदा बजावलं.

मग वही काढली. चंद्रीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, 'मागचा उजवा, बाहेरची', आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख. ठोकळा तेव्हा निघेल. चंद्री सावलीत जाऊन बसली होती, पाय पसरून, रवंथ करत.

तो खोडा पिकअपला बांधत असताना वहिनी हौदापाशी उभ्या होत्या. दोन तरण्या गाई पाण्यावर येत होत्या.

"भाऊ, जरा थांबा. ती मागची बघा. चालताना पाठ काढते का हो?"

त्याने दोर पुन्हा सोडला.