पासवर्ड बनवायचा एकाने, सांभाळायचा दुसऱ्याने

बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्णे आणि निमगाव केतकी यांच्या दरम्यान शेळगाव लागते. दहावी-बारावीचे निकाल लागले, की अशा गावांतल्या सेवा केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. कुणाला मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, कुणाला कारखान्यातल्या नोकरीच्या भविष्य निर्वाह निधीची शिल्लक पाहायची असते, कुणाला आयकराचे विवरणपत्र भरायचे असते. पडद्यावर चौकट उमटते : नवा पासवर्ड टाका. संगणकावर बसलेला मुलगा विचारतो, “आजोबा, काय ठेवू पासवर्ड?” उत्तर ठरलेले असते. “तूच टाक की काहीतरी.”

मग आजोबांचे नाव, पहिले अक्षर मोठे, पुढे ॲटचे चिन्ह आणि शेवटी १२३. संकेतस्थळाला मोठे अक्षर हवे होते, मिळाले. चिन्ह हवे होते, मिळाले. आकडा हवा होता, तोही मिळाला. पावतीच्या मागे पासवर्ड लिहून दिला जातो आणि रांग पुढे सरकते.

यात त्या मुलाची लबाडी नसते. बाहेर माणसे खोळंबलेली असतात, रेंज कधी जाईल याचा भरवसा नसतो. मात्र एका टेबलावर दिवसभरात तीस जणांचे पासवर्ड याच साच्यातून निघाले, तर त्या तीसही जणांचे कुलूप एकाच किल्लीने उघडते. साचा माहीत असलेल्या कुणालाही फक्त नाव माहीत असावे लागते, आणि गावात नाव कुणाला माहीत नसते?

नियम पाळले, तरी कच्चे

ही खोड फक्त गावाची नाही. संगणकाच्या जन्मभूमीतही हेच घडत आले आहे. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या बेल लॅबच्या संगणकतज्ज्ञांनी ३,२८९ खऱ्या पासवर्डची तपासणी केली. त्यांतले ८६ टक्के एकतर फारच आखूड होते किंवा शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडणारे होते. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता १२३४५६.

मोठे अक्षर, चिन्ह आणि आकडा सक्तीचे करण्याच्या प्रथेला मोठे बळ मिळाले ते २००३ मध्ये. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेतील बिल बर यांनी त्या वर्षी एक मार्गदर्शिका लिहिली आणि जगभरच्या कार्यालयांनी ती उचलली. पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलण्याचा आग्रहही त्यातूनच पसरला. लोकांनी या नियमांतून सोपी वाट काढली : पहिले अक्षर मोठे करायचे, शेवटी १ लावायचा आणि बदलायची वेळ आली की १ चा २ करायचा. २०१७ मध्ये निस्टने नवी मार्गदर्शिका काढून अक्षर-चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदल, हे दोन्ही नकोत असे सांगितले. निवृत्त झालेल्या बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आपल्याकडच्या बहुतेक संकेतस्थळांवर मात्र जुने नियम अजून नांदत आहेत.

मनाने काढलेली चिठ्ठी

नियम पाळूनही पासवर्ड कच्चा का राहतो, याचे उत्तर मेंदूच्या कामकाजात आहे. माणसाचा मेंदू अर्थ शोधणारा आहे. काहीही अर्थ नसलेली अक्षरे निवडायला सांगितली, तरी तो नाव, जन्मसाल, गाव, देव यांच्याकडे वळतो. लक्षात ठेवण्याचीही मर्यादा आहे. एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरता येतात, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले. पुढच्या संशोधनाने तो आकडा चारच्या आसपास आणला. त्यामुळे जो पासवर्ड सहज सुचतो आणि सहज आठवतो, तो दुसऱ्यालाही सहज सुचतो.

यावरचा उपाय ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सगळ्यांनी पाहिलेला आहे. दोन उमेदवारांना समान मते पडली, की अधिकारी स्वतःच्या मनाने विजेता ठरवत नाही. चिठ्ठ्या टाकतात आणि एक चिठ्ठी काढतात. म्हणूनच तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात, कारण त्या निवडीत कुणाचेही मन नसते. चांगला पासवर्ड म्हणजे अक्षरांची ईश्वरचिठ्ठी. हे काम करणाऱ्या साधनाला पासवर्ड जनरेटर म्हणतात. इंग्रजी कळफलकावरच्या ९४ खुणांमधून (मोठी-लहान अक्षरे, आकडे, चिन्हे) प्रत्येक जागेसाठी ते नव्याने एक चिठ्ठी काढते.

याने फरक किती पडतो, ते मोजता येते. जबाबदार संकेतस्थळ पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. गिरणीत ज्वारी दळावी तसे त्याचे ‘पीठ’ करून ठेवते. पिठापासून पुन्हा ज्वारी करता येत नाही, पण चोराच्या हाती ते पीठ लागले, तर तो एकेक अंदाज दळून जुळतो का ते पाहू शकतो. जुन्या, वेगवान पद्धतीने दळलेले पीठ असेल, तर आजच्या ताकदवान ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला शंभर अब्ज अंदाज तपासता येतात.

समजा, दहा हजार नावे, प्रत्येकापुढे हजार प्रकारचे आकडे आणि लिहिण्याच्या तीन तऱ्हा धरल्या. एकूण अंदाज झाले ३ कोटी. पापणी लवण्याआधी सगळे तपासून होतात. चिठ्ठीने निवडलेल्या आठ अक्षरांच्या पासवर्डला त्याच वेगाने जास्तीत जास्त सतरा तास लागतात. बारा अक्षरे केली, तर सुमारे दीड लाख वर्षे. चारच अक्षरे वाढवली आणि तासांची वर्षे झाली. म्हणून किचकट चिन्हांपेक्षा लांबी आणि खरी सोडत जास्त मोलाची.

तिजोरी वेगळी, किल्ली घडवणे वेगळे

अशी बारा-सोळा अक्षरे लक्षात राहणार नाहीत हे उघड आहे. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर ही अॅप असतात. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत राहतात आणि माणसाने फक्त तिजोरीचा एक पासवर्ड लक्षात ठेवायचा. जनरेटर बहुधा याच अॅपमध्ये असतो. अडचण पुढे आहे. काही अॅपमध्ये मोबाइलवर पासवर्ड बनवायचा, तर आधी नवी नोंद उघडावी लागते : संकेतस्थळ कोणते, वापरकर्त्याचे नाव काय. मगच जनरेटर समोर येतो आणि तयार झालेला पासवर्ड त्या फोनच्या तिजोरीत जातो. हा जनरेटर वेगळा, सुटा मिळावा अशी मागणी वापरकर्ते त्यामुळेच करतात. ‘बिटवॉर्डन’सारख्या अॅपमध्ये मोबाइलवरही जनरेटरसाठी वेगळे पान आहे, कोणतीही नोंद न करता तिथे पासवर्ड बनवता येतो.

शहरात, प्रत्येकाच्या हाती स्वतःचा फोन असताना, ही मागणी किरकोळ सोयीची वाटेल. शेळगावसारख्या गावातल्या सेवा केंद्रात तिचा अर्थ बदलतो. तिथे पासवर्ड बनवणारा एक असतो आणि तो वापरणारा दुसरा. केंद्रचालकाने आजोबांचा पासवर्ड स्वतःच्या तिजोरीत ठेवणे चुकीचे आहे. तो त्याच्याकडे राहताच कामा नये. त्याला हवा आहे फक्त कारखाना, कोठार नको. पासवर्ड तयार व्हावा, आजोबांच्या हाती जावा आणि केंद्रातून पुसला जावा.

घरातही असे प्रसंग येतात. आईच्या फोनवर खाते उघडून द्यायचे असते. वाय-फायचा पासवर्ड बदलायचा असतो. बचत गटाच्या हिशेबाची फाइल कुलूपबंद करायची असते. यांतले काहीही मुलाच्या तिजोरीत नोंदवायची गरज नसते.

सुट्या जनरेटरमध्ये दोन बारीक गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, फसवी अक्षरे वगळण्याचा पर्याय. कागदावर लिहिताना शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक, लहान ‘एल’ आणि मोठा ‘आय’ सारखेच दिसतात. वयस्कर माणसाने तीनदा चुकीचा पासवर्ड टाकून खाते अडकवून घेण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. दुसरी, इतिहास. अनेक जनरेटर आधी बनवलेले पासवर्ड यादीत ठेवतात. दुसऱ्यासाठी पासवर्ड बनवला असेल, तर ही यादी तिथल्या तिथे पुसायला हवी. पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवणेही टाळावे, कारण तो दोन्ही फोनमध्ये राहून जातो.

सोडत खरी हवी

कुठलेही संकेतस्थळ किंवा अॅप ‘पासवर्ड बनवून देतो’ म्हणाले, तरी त्याची सोडत खरी असेलच असे नाही. २०२१ मध्ये ‘लेजर’ कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी ‘कॅस्परस्की पासवर्ड मॅनेजर’मधला एक दोष जाहीर केला. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतला जनरेटर चिठ्ठी काढताना केवळ घड्याळातला सेकंद पाहत असे. एकाच सेकंदाला, त्याच मांडणीत, जगात कुठेही पासवर्ड मागितला, तर सगळ्यांना तोच मिळे. दहा वर्षांत सेकंद असतात साडेएकतीस कोटी. दिसायला कितीही विचित्र असला, तरी त्या पासवर्डसाठी तेवढेच अंदाज पुरत. कंपनीने दोष दुरुस्त केला. धडा मात्र कायमचा आहे : पासवर्ड अगम्य दिसतो, एवढ्यावरून तो पक्का ठरत नाही. चांगली साधने फोनच्या कार्यप्रणालीकडून यादृच्छिक आकडे घेतात, आणि ती प्रणाली यंत्रातल्या अनेक अनिश्चित हालचालींमधून ते गोळा करते. म्हणून शोधात वर दिसणारे कुठलेही अनोळखी पान न वापरता ज्याची रचना तज्ज्ञांना तपासण्यासाठी खुली आहे असे अॅप निवडावे.

फोनच नको असेल, तर घरातल्या ल्युडोचा फासा पुरतो. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ‘डाइसवेअर’ नावाची पद्धत मांडली. फासा पाच वेळा टाकायचा. पाच आकडे मिळतात. अशा ७,७७६ जोडण्या होतात आणि यादीत प्रत्येक जोडणीपुढे एक शब्द असतो. सहा शब्द मिळाले, की पासवर्ड तयार. नांगर, चष्मा, पाऊस, डबा, हत्ती, सुतळी असे एकमेकांशी काही नाते नसलेले शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, तर ते बारा अक्षरांच्या चिठ्ठीइतकेच भक्कम ठरतात आणि लक्षातही राहतात. अट एकच, शब्द फाशाने निवडायचे. आवडते सहा शब्द निवडले, तर पुन्हा मनाने काढलेली चिठ्ठी झाली.

कागद वाईट नाही

पासवर्ड लिहून ठेवू नये, हा सल्ला सगळ्यांनी ऐकला आहे. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच नेमके उलट सांगितले : भक्कम पासवर्ड बनवा, कागदावर लिहा आणि तो पैशांच्या पाकिटात ठेवा. कागद सांभाळण्याची सवय माणसाला आधीच आहे. परदेशातल्या चोराला आजोबांच्या ट्रंकेतला सातबारा दिसत नाही, तसा त्या सातबाऱ्याशेजारचा कागदही दिसत नाही. पावतीच्या मागे लिहून ती टेबलावर विसरणे मात्र वेगळे. घरात एक वही असावी, ती ठरलेल्या जागी असावी आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला ती जागा ठाऊक असावी. घरातला कर्ता माणूस अचानक गेला, तर त्याच वहीमुळे कुटुंबाची धावपळ वाचते.

भक्कम पासवर्डलाही मर्यादा आहेत. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे सोळा अक्षरे कामाची नाहीत. बनावट पानावर स्वतःच्या हाताने टाकलेला पासवर्डही वाचत नाही. म्हणून जिथे सोय असेल तिथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू करावी आणि पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

या सगळ्यातले सर्वांत स्वस्त पाऊल त्या सेवा केंद्राच्या टेबलावरच उचलता येते. संगणकावरच्या मुलाने नाव आणि १२३ टाकण्याऐवजी सुट्या जनरेटरवर बारा अक्षरे काढावीत, फसवी अक्षरे वगळावीत, जाड ठशात छापून कागद आजोबांच्या हाती द्यावा आणि यादी पुसून टाकावी. रांगेतल्या प्रत्येकामागे मिनिटभर जास्त लागेल. आजोबांनीही “तूच टाक” म्हणून दुसरीकडे पाहू नये. तो कागद घडी करून खिशात ठेवावा आणि घरी गेल्यावर सातबाऱ्याशेजारी.