रखडलेले संधान : निदान व उपाय

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास आमच्याकडे वैद्यमित्रांची व फार्मसीचालकांची एक ठरावीक विचारणा येऊ लागते. दशमूलारिष्टाचे वा अर्जुनारिष्टाचे संधान विधिपूर्वक घातले; आरंभी चार-सहा दिवस फेस आला, पात्राला कान लावता बारीक सणसण ऐकू आली, आणि मग सारे शांत झाले. पंधरवडा लोटला तरी प्रक्षेपद्रव्ये वर तरंगत आहेत व द्रव जिभेला पाकासारखा गोड लागतो. टाकून द्यावे तर काढा, गूळ व मध यांचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. बाटल्यांत भरावे तर ते अरिष्ट नव्हे, गोड काढाच. आणि उन्हाळा लागताच तो बाटलीत पुन्हा फसफसून बूच उडवणार, हेही ठाऊक असते. रुग्णाच्या हाती जे पडते त्याचे उत्तरदायित्व मात्र आपले असते.

व्याधीप्रमाणे येथेही आधी निदान, मग चिकित्सा. संधान पूर्ण झाले की रखडले, हा पहिला प्रश्न. परंपरेने सांगितलेल्या परीक्षा, म्हणजे नाद बंद होणे, पात्राच्या मुखाशी धरलेली काडी न विझणे, चुन्याची निवळी दुधाळ न होणे, या सर्व कर्बवायू निघत नाही एवढेच सांगतात. तो काम संपले म्हणून थांबला की किण्व मेले म्हणून, हे त्यांवरून कळत नाही. (ज्या पात्राच्या मुखाशी काडी विझते तेथे मनुष्याचाही श्वास कोंडतो. मोठ्या पिंपात वा जमिनीतील टाकीत वाकून पाहणाऱ्या कामगारांना हे अवश्य बजावावे.) म्हणून जिभेच्या जोडीला हायड्रोमीटर ठेवावा. संधान घातल्या दिवशीचे विशिष्ट गुरुत्व नोंदलेले असेल तर निदान सोपे होते. आकडा बराच खाली येऊन स्थिरावला, प्रक्षेप तळाशी बसला, मद्यगंध सुटला, तर संधान संपले आहे; सिद्ध अरिष्टातही काही गोडवा राहतोच. आकडा आरंभीच्या जवळपासच तीन दिवस अडून बसला असेल तर संधान रखडले आहे. ब्रिक्स दाखविणारा रिफ्रॅक्टोमीटर मद्यार्क उत्पन्न झाल्यावर शर्करा आहे त्याहून अधिक दाखवितो, याचे भान असावे.

कारणांमध्ये थंडी सर्वांत सामान्य, आणि सर्वांत सुसाध्यही. किण्वास साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. पुण्या-नाशिकाकडे पौषात रात्रीचे तपमान दहा अंशांच्या आसपास उतरते. फरशीवर उघड्या ठेवलेल्या चिनी मातीच्या बरणीत किण्व अशा वेळी मरत नाही, आखडून बसते. धान्यराशीत वा भूमीत पात्र पुरण्याचा जो विधी ग्रंथांत आहे, त्याचे मर्म आम्हांस येथेच दिसते. धान्य नसेल तर भाताचा भुसा व गोणपाट यांचे वेष्टन करावे, पात्र फळीवर चढवावे, खोली उबदार राखावी. पात्राला खालून आच देऊ नये. तळाशी चाळीस अंशांपुढे उष्णता गेली की किण्व खरोखरच मरते, आणि मग रोग असाध्याकडे झुकतो. काढा पुरता निवण्याआधी धायटी टाकण्याची घाई हा याच जातीचा अपचार आहे.

दुसरे कारण मानाचे, आणि याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. मान अनुक्त असता शार्ङ्गधरांनी एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, त्याच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप असे प्रमाण सांगितले आहे. प्रचलित कोष्टकाप्रमाणे द्रोण म्हणजे १२.२८८ किलो व तुला म्हणजे ४.८ किलो. आता द्रव १२.२८८ लिटरच घेतला तर त्यात गूळ ४.८ किलो व मध २.४ किलो पडतो आणि शर्करेचे प्रमाण वजनाने शेकडा ३० च्या वर जाते. इतक्या दाट पाकात किण्वातील पाणीच बाहेर ओढले जाते. ते वाढावे कसे? परंतु त्याच शार्ङ्गधरांनी प्रस्थापासून पुढे द्रवद्रव्ये द्विगुण घ्यावीत अशी परिभाषा दिली आहे. तीनुसार द्रव २४.५७६ लिटर घेतला की शर्करा शेकडा १९ च्या सुमारास येते, आणि एवढ्या शर्करेतून शेकडा दहाच्या आसपास मद्यार्क सहज उत्पन्न होऊ शकतो. मूळ पाठावरून माने काढणाऱ्याने द्रवद्वैगुण्य विसरले असेल तर राहिलेला द्रव घालणे हा पाठभेद नव्हे, पाठाची पूर्तता आहे. मात्र ज्या योगात द्रवाचे मान आधीच लिटरमध्ये छापलेले आहे, तेथे पुन्हा दुप्पट करू नये. मान बरोबर असूनही पाक दाट होत असेल तर पुढील खेपेस निम्मा गूळ आरंभी व उरलेला फेस जोरात आल्यावर दोन हप्त्यांत घालावा. एकूण मान तेच राहते.

तिसरे कारण बाजारातून येते. पिवळाधमक, स्वच्छ गूळ ग्राहकाला आवडतो, म्हणून गुऱ्हाळात हायड्रोस पावडर टाकून रंग काढला जातो. तिच्यातून उरणारा गंधकाचा अंश किण्वास बाधक ठरतो. संधानासाठी काळपट, रसायनविरहित गूळच घ्यावा. तो दिसायला उणा असला तरी त्यातील खनिजांशही किण्वाच्या उपयोगी पडतात.

आणि धायटी. ही फुले माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत बहरतात. त्यांच्यावरील किण्व जिवंत असेल तर संधान चालते. दोन पावसाळे गोदामात काढलेल्या, बुरशीचा वास येणाऱ्या फुलांत केवळ तुरटपणा उरतो. खरेदी करताना दुकानदाराला हंगाम विचारावा. खात्री नसल्यास मूठभर फुले कोमट गुळवण्यात घालून पाहावीत. दोन-तीन दिवसांत फेस न आल्यास ती फुले संधानास निरुपयोगी होत. अर्जुन, खदिर, बाभूळ यांसारख्या कषायरसप्रधान द्रव्यांच्या अरिष्टांत तर ही परीक्षा चुकवू नये, कारण तेथे किण्वाला मुळातच झगडावे लागते. लवंग-दालचिनीसारखी प्रक्षेपद्रव्ये वस्त्रगाळ चूर्णाऐवजी यवकूट घालावीत, म्हणजे त्यांचे तैल एकदम उतरून किण्वाला मारत नाही.

निदान झाले, उष्णता दिली, तरी पात्र जागे होत नसेल तर विरजण लावावे लागते. येथे बहुतेकांची गफलत एकच. ताजी धायटी सरळ थंड पात्रात टाकली जाते. आत शर्करा आहे, थोडा मद्यार्क आहे, थंडी आहे. नवे किण्व त्यात तग धरीत नाही. त्याऐवजी स्वच्छ भांड्यात लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम गूळ विरघळवून ताजी धायटी व थोड्या कुसकरलेल्या मनुका घालाव्यात. भरपूर फेस आला की रखडलेल्या द्रवातील लिटरभर भाग सुमारे तीस अंशांपर्यंत कोमट करून त्यात मिसळावा. पुन्हा फेस आला की दोन लिटर, मग चार. अशा रीतीने मूळ द्रवाच्या दशमांशाइतके सळसळते विरजण झाल्यावर ते पात्रात ओतून ढवळावे. पात्राचा चौथा हिस्सा रिकामा असावा. पूर्वीच्या कापडमातीतून वायूला वाट मिळे; प्लॅस्टिकच्या पिंपाचे आट्याचे झाकण घट्ट आवळले तर पिंप फुगून फुटण्याचा धोका असतो.

बेकरीचे यीस्ट वापरावे काय, असे अनेकजण विचारतात. त्याने संधान बहुधा चालू होते, हे खरे. परंतु शास्त्रोक्त औषध प्रमाणग्रंथातील योगानुसारच बनवावे असा कायद्याचा दंडक आहे. पाठात नसलेले द्रव्य गुपचूप घालणे आम्हांस मान्य नाही. वरून मद्यार्क ओतून उणीव भरून काढणे तर सर्वथा त्याज्य. आसवारिष्टातील मद्यार्क स्वयंजनितच असला पाहिजे, कारण औषधी अंश द्रवात उतरविण्याचे काम त्याच्या उत्पत्तीबरोबर हळूहळू घडत असते.

काही पात्रे मात्र वाचत नाहीत. झाकण काढताच नाकाला झोंबणारा आंबट वास आला, पृष्ठभागी पांढरी साय धरली, तर मद्य शुक्तत्वाकडे गेले असे समजावे. तेथे विरजण व्यर्थ. सोडा टाकून आम्लता मारण्याचे प्रकार आमच्या पाहण्यात आले आहेत. चव झाकली जाते, द्रव्य परत येत नाही. असे पात्र नोंदवहीत कारणासह लिहून निकाली काढावे, कढत पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, गुग्गुळाचे धूपन करावे आणि मगच त्यात पुढचे संधान घालावे. लाकडी पिंप असेल तर एका धूपनावर विसंबू नये. आंबट वास फळ्यांच्या सांध्यांत मुरतो, आणि तो पूर्ण गेला नाही तर ते पिंप पुन्हा संधानास घेऊ नये.