गाठीचे रक्त आणि फुटका नळ

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. तरी हा विषय घेतला, त्याला कारण आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यातील आमच्या सोबत्याला तोंडाचा कर्करोग झाला. उपचारासाठी आम्ही लोकलने परळला जात असू. एकदा परतताना त्याने विचारले, "दादा, गाठीला जरा धक्का लागला तरी रक्त येतं. मग रक्तातून दिलेलं औषध तिथवर पुरतं का पोचत नाही?" मला उत्तर देता आले नाही. पुढे विचारून, वाचून जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम निरोगी शरीर पाहू. बारवीचे पाणी जांभूळला शुद्ध होऊन मोठ्या जलवाहिनीने निघते, तिला फाटे फुटतात, आणि शेवटी अर्ध्या इंचाच्या नळाने घरात येते. शरीरातही तसेच आहे. मोठी रोहिणी, तिच्या लहान रोहिण्या, मग केशवाहिन्या, आणि परतीला नीला. केशवाहिनी इतकी अरुंद, की तांबड्या पेशींना एकेरी रांगेने जावे लागते. तिच्या भिंतीच्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना घट्ट भिडलेल्या असतात आणि बाहेरून दुसऱ्या पेशी त्यांना आधार देतात. प्राणवायू व अन्न झिरपावे, पण रक्त सांडू नये, अशी ही व्यवस्था. प्रौढ वयात नव्या वाहिन्या क्वचितच फुटतात. जखम भरताना, पाळीच्या चक्रात, गर्भारपणात त्या फुटतात. गरज सरली की वाढ थांबते.

गाठीचे तसे नाही. अमेरिकेतील शल्यवैद्य जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले, की नव्या वाहिन्या मिळाल्याखेरीज गाठ एकदोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही. प्राणवायू कमी पडला की तिच्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. शेजारच्या वाहिन्यांना ती हाक असते : इकडे फाटा काढा. जखमेतही हीच हाक असते. पण जखम भरली की ती थांबते, गाठीत थांबत नाही. मग आराखड्याविना काम चालू राहते. वाहिन्या वाकड्यातिकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे चिमटलेल्या. काही मध्येच बंद, तर काही रोहिणीतून थेट नीलेत उतरणाऱ्या. भिंतीला फटी आणि आधाराच्या पेशी सैल.

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत फुटक्या नळाची कथा कोणाला ठाऊक नाही? रस्त्यावर डबके साचते आणि टोकाच्या चाळीत हंडा रिकामाच राहतो. गाठीत हेच घडते. पाझरलेला द्रव नीट वाहून जात नाही, आतील दाब वाढतो आणि औषधाला बाहेर रेटतो. काही भाग प्राणवायूवाचून राहतो. तेथे किरणोपचारही कमी लागू पडतो. शिवाय त्याच फटींतून गाठीच्या पेशी रक्तात शिरून दूरवर जातात. रक्त पुष्कळ, पण पुरवठा नाही, हे सोबत्याच्या प्रश्नाचे उत्तर.

मग हे नळ तोडावेत काय? व्हीईजीएफला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. काही कर्करोगांत त्याने आयुष्य वाढले. पण गाठी दुसरी वाट काढतात. शास्त्रज्ञ राकेश जैन यांनी २००१ साली वेगळा विचार मांडला : या वाहिन्या काही काळ दुरुस्त झाल्या, तर औषध आत अधिक पोचेल.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक प्रयोग आपल्या कामाचा आहे. बरा होण्यापलीकडे गेलेल्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांपैकी निम्म्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन, निम्म्यांना मेथोट्रेक्झेट व सेलेकॉक्सिबच्या स्वस्त गोळ्या दिल्या. अशा अल्प मात्रेमागील एक हेतू वाहिन्यांची वाढ रोखण्याचा असतो. २०२० साली निष्कर्ष आला : मध्यम आयुर्मान शिरेतील औषधाने ६.१ महिने, गोळ्यांनी ७.५ महिने. लाभ थोडा खरा. पण घरी घेता येणाऱ्या गोळीने रोजंदारीच्या माणसाचा खाडा वाचतो, हेही मोजले पाहिजे.

आमचा सोबती आज नाही. त्याने तोंडातला व्रण कित्येक महिने लपवला होता. म्हणून सांगतो, तंबाखू सोडा, आणि तीन आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवा. गाठीने आपले नळ दूरवर टाकण्याआधी तिला गाठणे, हाच आपल्या हातातला उपाय आहे.