दोन बटणांचे टेनिस

वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो म्हणजे 11.4 किलोमीटर आणि 12 स्थानके. एवढ्या प्रवासात तळहातावर रंगेल असा खेळ म्हणजे ‘मारिओ टेनिस’. जपानच्या कॅमेलॉट कंपनीने तो निन्टेन्डोच्या गेम बॉय कलरसाठी बनवला. 2000 मध्ये तो जपानमध्ये आला.

यंत्र : 160 × 144 बिंदूंचा पडदा, दोन पेन्सिल सेल. डाव्या अंगठ्याखाली चार दिशांची कळ, उजव्या अंगठ्याखाली ए आणि बी.

फटके
• ए : टॉपस्पिन, वेगवान, उसळणारा चेंडू
• बी : स्लाइस, संथ, खाली राहणारा चेंडू
• आधी ए, मग बी : लॉब, जाळीजवळ आलेल्याच्या डोक्यावरून
• आधी बी, मग ए : ड्रॉप शॉट; मागे उभ्या असलेल्याला पुढे धावायला लावणारा
• दोन्ही एकदम : स्मॅश

दिशा : फटका मारताना दिशेची कळ जिकडे दाबाल, तिकडे चेंडू वळतो.

कथा : ॲलेक्स किंवा नीना होऊन टेनिस अकादमीत दाखल व्हायचे. सराव करत, सामने जिंकत वरच्या वर्गात जायचे. मिळालेले गुण वेग, ताकद, नियंत्रण यांत कसे वाटायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे.

जोडीने : केबलने दोन यंत्रे जोडली की मित्राशी सामना.

नवशिक्यांसाठी : आधी फक्त ए आणि बी आलटूनपालटून वापरा. चेंडूचा टप्पा ओळखता येऊ लागला की लॉब आणि ड्रॉप शॉटकडे वळा. इथे बोटांच्या चपळाईपेक्षा योग्य जागी वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे, अगदी खऱ्या कोर्टसारखेच.